फ्रीमन की ओल्सन? भांडा, पण आधी प्रश्न ठरवा

मार्च 2022 मध्ये ब्रेव्हज या अमेरिकन बेसबॉल क्लबने ओकलंडच्या क्लबकडून मॅट ओल्सनला आणलं आणि त्याच जागी खेळणारा आमचा फ्रेडी फ्रीमन आता परत येत नाही, हे मला आणि माझ्या भाच्याला एकाच वेळी कळलं. मला रडू आवरेना. तो मात्र म्हणाला, "मावशी, सौदा चांगला झालाय." फोनवर दोन तास भांडलो तेव्हा कुठे लक्षात आलं, की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतो. फ्रीमनने 2010 पासून काय दिलं, 2020 चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) हा मान, 2021 ची वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची अंतिम मालिका), हे मी सांगत होते. पुढच्या सहा वर्षांत कोण जास्त देईल, हे तो सांगत होता.

तेव्हा वादाला बसण्याआधी प्रश्न एका ओळीत लिहून काढा. आम्ही वहीत लिहितो.

संघ सोडून गेलेल्या खेळाडूबद्दल बोलताना वय आणि करार शेजारी शेजारी मांडा. फ्रीमन तेव्हा 32 वर्षांचा होता, डॉजर्स क्लबने त्याला 6 वर्षांचे 16.2 कोटी डॉलर दिले. ओल्सन 28 ला टेकलेला, 8 वर्षांचे 16.8 कोटी. म्हणजे वर्षाला 2.7 कोटींच्या जागी 2.1. हे आकडे समोर आले आणि माझा आवाज खाली आला. ओल्सनने 2023 मध्ये 54 होम रन (बहुतेक वेळा चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून क्लबचा विक्रम केला. पण त्याच वर्षी फ्रीमनची फलंदाजीची सरासरी .331 होती (हजारात 331 वेळा हिट) आणि डबल्स, म्हणजे दोन बेस मिळवून देणारे फटके, 59! होम रन मोजायचे तर डबल्सही मोजा, नाहीतर निकाल आधीच ठरलेला असतो. सोपं माप हवं असेल तर ओपीएस प्लस बघा, म्हणजे फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो आणि किती जोरात मारतो याचं एकत्र माप: मैदानाचा फरक त्यात धरलेला असतो आणि 100 म्हणजे लीगची सरासरी. माझं मत आजही तेच आहे, खेळाडू म्हणून फ्रीमन सरस. आणि ब्रेव्हजचा निर्णयही बरोबर होता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. 2024 च्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात फ्रीमनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारून सामना संपवला, तेव्हा मी ब्रेव्हजची जुनी 5 नंबरची जर्सी घालूनच टाळ्या वाजवत होते.

स्टारबद्दल एकच विचारा: तो किती सामने खेळेल? ब्रेव्हजच्याच रोनाल्ड अकुन्याने 2023 मध्ये 41 होम रन मारले, 73 बेस चोरले (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला). त्याच्या गुणांवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण 2021 मध्ये एक गुडघा गेला, 2024 मध्ये दुसरा, आणि त्या वर्षी तो जेमतेम 49 सामने खेळला. वाद घाला तो यावर.

खरी परीक्षा प्रॉस्पेक्ट्सची, म्हणजे मोठ्या लीगकडे निघालेल्या तरुण खेळाडूंची. ओल्सनच्या बदल्यात चार पोरं गेली, त्यात क्रिस्टियन पाशे होता. 2021 च्या मार्चमध्ये भाच्याने वहीत त्याच्या नावासमोर लिहिलं होतं, 'सेंटर फील्ड, दहा वर्षं', म्हणजे मागच्या मैदानातली मधली जागा दहा वर्षं त्याचीच. ओकलंडमध्ये पहिल्या वर्षी त्याची सरासरी .166 राहिली. त्याच चौघांतल्या शे लँगेलियर्सने मात्र 2024 मध्ये 29 होम रन मारले. आणि ब्रेव्हजचं सेंटर फील्ड सांभाळलं मायकल हॅरिसने. तो 21 व्या वर्षी डबल-ए मधून, म्हणजे दोन पायऱ्या खालच्या लीगमधून, थेट वर आला आणि 2022 चा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) झाला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणून प्रॉस्पेक्ट्सच्या यादीतला क्रमांक बघून भाळू नका. मुलगा कितव्या वर्षी कुठल्या लेव्हलला खेळतोय, किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतोय आणि किती वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळालेला फुकट बेस) घेतोय, ते बघा. तो टिकला तर साधारण सहा वर्षं क्लबच्या हातात असतो आणि पहिली काही वर्षं अगदी स्वस्तात. म्हणूनच त्याला देऊन टाकताना इतकं जड जातं.

अंदाज मार्चमध्येच, सीझनच्या तोंडावर लिहा, तारीख टाकून, पेनने. वही ऑक्टोबरमध्ये उघडा, आणि दोघं समोर असतानाच. भाचा पाशेचं ते पान फाडू म्हणत होता, मी फाडू दिलं नाही.