आक्रमक खेळासाठी कार्बन ब्लेड आणि त्याला साजेसे रबर कसे निवडावे

टेबल टेनिसचे कार्बन ब्लेड (बॅटचा रबराखालचा लाकडी भाग, ज्यात कार्बन तंतूंचे थर असतात) घेण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. पाच थरांच्या लाकडी ब्लेडने सरावात सलग वीस फोरहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारे फटके) टेबलावर पडत नसतील, तर कार्बनची घाई करू नये. कार्बनमुळे ब्लेड ताठ झाले की चेंडू रबरावर कमी वेळ थांबतो आणि स्ट्रोकमधली चूक अधिक ठळकपणे उघडी पडते. परीक्षा पार झाली असेल, तर पुढे जावे.

‘कार्बन’ हे नाव थोडे फसवे आहे. नियमांनुसार ब्लेडच्या जाडीपैकी किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि तंतूंचा एक थर एकूण जाडीच्या 7.5 टक्के किंवा 0.35 मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. म्हणजे हातात लाकूडच असते, आणि हा बारीक थर कोठे बसवला आहे यावर ब्लेडचा स्वभाव ठरतो. बटरफ्लायच्या व्हिस्कारियात ॲरिलेट (एक कृत्रिम तंतू) आणि कार्बन यांचा, म्हणजे ‘एएलसी’चा, थर कोटो लाकडाच्या वरच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो, त्यामुळे हलक्या फटक्यालाही तो जागा होतो आणि चेंडू चटकन सुटतो. त्याच कंपनीच्या इनरफोर्स लेयर एएलसीमध्ये तो मधल्या गाभ्याला लागून असल्याने पुश (चेंडूखालून हलके ढकलण्याचा फटका) आणि छोटी सर्व्हिस लाकडी ब्लेडसारखी वाटते, तर जोरदार लूप (भरपूर टॉपस्पिनचा फटका) मारल्यावरच कार्बनचा वेग मिळतो. टेबलाजवळ उभे राहून चढता चेंडू मारणाऱ्याने किंवा ब्लॉक करणाऱ्याने पहिला प्रकार पाहावा. इतरांनी, आणि ज्यांचे मन ठरत नाही त्यांनी तर निश्चितच, आतल्या थराचे ब्लेड घ्यावे. नुसत्या कार्बनपेक्षा ॲरिलेट मिसळलेले ब्लेड हाताला कमी झणझणते, हेही ध्यानात ठेवावे.

वजनाचा हिशेब दुकानातच करावा. 88 ग्रॅमचे ब्लेड आणि कापून झाल्यावर प्रत्येकी 48 ग्रॅमची दोन रबरे, म्हणजे गोंद सोडून 184 ग्रॅम झाले. मनगट नाजूक असेल तर 85 ग्रॅमच्या आतले ब्लेड मागून घ्यावे.

रबर निवडताना सर्वाधिक गोंधळ त्याच्या खालच्या स्पंजच्या कडकपणाच्या आकड्यांमुळे होतो. बटरफ्लायच्या रबरांपैकी टेनर्जी 05 चा स्पंज 36, डिग्निक्स 05 चा 40 आणि हरिकेन 3 या चिकट चिनी रबराचा साधारण 39 ते 41 असे लिहिलेले दिसते. परंतु प्रत्येक उत्पादकाची मोजपट्टी वेगळी असते आणि हरिकेनचा 40 हाताला डिग्निक्सच्या 40 पेक्षा बराच कडक लागतो. फोरहँडला पूर्ण हात फिरवून, कमरेचा जोर लावून मारणाऱ्याला असे चिकट, कडक रबर वेगवान ब्लेडवर शोभते, कारण जाळीजवळच्या छोट्या खेळात ते चेंडूला आवर घालते. बॅकहँडचा हात आखूड फिरतो; तेथे मऊ, उसळीदार रबरच बरे. पहिल्याच कार्बन ब्लेडवर सर्वांत जाड स्पंज लावू नये, 1.9 किंवा 2.0 मिलिमीटर पुरेसा होतो. गोंदासह रबराची एकूण जाडी 4 मिलिमीटरच्या आत ठेवण्याचे बंधन आहेच. (मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात रबरावर ओलावा धरतो आणि चेंडू घसरतो, कोरडे फडके किटमध्ये ठेवावे, नाहीतर बिचाऱ्या रबराला उगाच दोष दिला जातो.)

शेवटी रबर चिकटवावे. बाष्पशील द्रावकांच्या गोंदावर 2008 पासून बंदी असल्याने पाण्यावर आधारित गोंद वापरावा. तो ब्लेड आणि स्पंज दोन्हींवर पातळ पसरून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावा, मग हँडलकडून सुरुवात करून रबर न ताणता लाटल्यासारखे दाबत न्यावे. एक बाजू काळी आणि दुसरी काळ्याहून स्पष्ट वेगळ्या उजळ रंगाची हवी. त्यानंतर दोन आठवडे काहीही बदलू नये. तरीही सर्व्हिस परतवताना चेंडू उंच उठत असेल, तर आधी फक्त त्या बाजूचे रबर बदलून पाहावे, ब्लेडला हात लावू नये.