पहिलीला इंग्रजीचा सराव पाठ घेताना

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या छात्राध्यापकाचा पहिलीचा इंग्रजी पाठ फसतो तो बहुधा एकाच कारणाने. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, माल जास्त भरलेला असतो: एक गाणे, दहा शब्द, दोन वाक्यरचना आणि वर लेखन. ३५ मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटे मुले जागेवर बसेपर्यंतच जातात. उरलेल्या वेळात पाच-सहा नवे शब्द आणि एक वाक्यरचना झाली तरी भरपूर.

सुरुवात सूचनांपासून करावी. स्टँड अप, सिट डाऊन, टच युवर नोज, क्लॅप. मुलांनी बोलायचे नाही, फक्त ऐकून करायचे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली ही पद्धत टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणून ओळखली जाते. पहिल्या फेरीत सूचना देता देता स्वतः कृती करा, दुसऱ्या फेरीत फक्त सूचना द्या. तिसऱ्या फेरीत हात पाठीमागे बांधा आणि मुलांना डोळे मिटायला सांगा. खरी परीक्षा इथे होते, कारण तोवर निम्मा वर्ग तुमच्या हाताकडे किंवा शेजाऱ्याकडे पाहून उठबस करत असतो. क्षणभर उशिरा उठणारे मूल हेरून ठेवा, त्याला शब्द अजून कळलेला नाही. लेफ्ट-राइट शिकवताना मुलांकडे पाठ करून उभे राहा. समोरासमोर उभे राहिलात तर मुले आरशासारखा उलटा हात वर करतात.

‘व्हॉट इज धिस?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘व्हॉट इज धिस!’ म्हणतो. यात मुलांचे काही चुकत नाही. दोनच मिनिटांपूर्वी आपण त्यांना ‘माझ्यामागे म्हणा’ म्हटलेले असते. यावर उपाय म्हणजे दोन ठरलेल्या खुणा. हात कानाशी नेला की ऐकायचे, तळवा पुढे केला की म्हणायचे. शिवाय जुन्या मोज्याला दोन बटणे टाचून बाहुली करा. प्रश्न तुम्ही विचारायचा, उत्तर बाहुलीने द्यायचे. मग बाहुली ज्याच्या हातात तो बोलेल. एरवी तोंड न उघडणारी मुले बाहुलीआडून बोलतात.

सामूहिक उच्चारावर फार विसंबू नका. तीस मुलांच्या आवाजात दहा जण खरे बोलत असतात, बाकीचे ओठ हलवतात. सगळा वर्ग, मग एक रांग, मग जोडी, मग एकटे मूल, असे उतरत जा. बिचकणाऱ्या मुलाचा नंबर पाचवा-सहावा ठेवा, म्हणजे तोवर उत्तर त्याच्या कानावरून चार-पाचदा गेलेले असेल.

चित्रकार्ड पूर्ण ए-फोर आकाराचे हवे. अर्ध्या कागदावरचे चित्र शेवटच्या पट्टीवर बसलेल्या मुलाला दिसत नाही. कार्ड छातीशी धरा, बोटे कडेला. गठ्ठ्यातले मागचे कार्ड काढून पुढे आणा, म्हणजे ते मुलांना दिसण्याआधी तुम्हाला दिसते. पहिल्या दिवशी कार्डावर शब्द लिहू नका. बॉल, बस, पेन, बिस्कीट हे शब्द मुले घरूनच घेऊन येतात, तिथून सुरुवात करा.

अक्षरध्वनी शिकवताना मराठीची सवय आडवी येते. आपले व्यंजन ‘अ’सकट उच्चारले जाते, म्हणून मूल बॅट हा शब्द ‘बअ-ॲ-टअ’ असा जोडते आणि तो जुळत नाही. आधी लांबवता येणारे ध्वनी घ्या, स्स्स, म्म्म, न्न्न. मग सॅट, मॅट, मॅन असे शब्द करा. ‘ब’, ‘ट’ तोडून, आखूड म्हणा.

खेळाचे नियम खुशाल मराठीत सांगा. पण प्रत्येक सूचनेचे भाषांतर केलेत की मुले इंग्रजी ऐकणे सोडून मराठीची वाट पाहतात. मेळघाटात किंवा पालघरच्या पाड्यांवर, जिथे घरी कोरकू किंवा वारली बोलतात, तिथे तर मराठी भाषांतरही मुलांना परकेच वाटू शकते; तिथे वस्तू आणि कृतीवरच भर ठेवा.

लेखन शेवटी, तेही थोडे. चौरेघी रेषा तास सुरू होण्याआधी फळ्यावर आखून ठेवा. सी, ओ, ए, डी, जी ही लहान लिपीतली अक्षरे एकाच वळणाने सुरू होतात, ती एकत्र घ्या. बी आणि डी एकाच आठवड्यात कधीच नको.

टाचणात ‘मुलांना प्राण्यांची ओळख होईल’ असे मोघम उद्दिष्ट लिहिले तर निरीक्षणाच्या वेळी मार्गदर्शक तिथेच बोट ठेवतात. ‘पाच चित्रांपैकी चारांची नावे सांगेल’ असे लिहा. पाठ संपल्यावर पाच मुलांना एकेकटे बोलावून तीच कार्डे दाखवा. त्यांतल्या तिघांना जमले नाही, तर पुढचे टाचण तयार असले तरी दुसऱ्या दिवशी हाच घटक पुन्हा घ्या.