जर्मनीत राहताय? मग पिवळा लिफाफा फोडा, आणि या चुका टाळा

जर्मनीत छोट्या गुन्ह्याची शिक्षा व्हायला कोर्टात उभं राहावं लागत नाही. सरकारी वकील मागणी करतो, आम्ट्सगेरिख्टचा, म्हणजे स्थानिक कनिष्ठ कोर्टाचा, न्यायाधीश कागद वाचून सही करतो आणि शिक्षा टपालाने घरी येते. या हुकुमाचं नाव श्ट्राफबेफेल. तो पिवळ्या लिफाफ्यात येतो, आणि आपली मुलं तो पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ठेवून देतात.

पोस्टमन सही घ्यायला थांबत नाही. घरी कोणी नसलं की लिफाफ्यावर तारीख लिहून पेटीत टाकतो, आणि कायद्याच्या लेखी तो तुम्हाला मिळाला. त्या तारखेपासून २ आठवडे. मंगळवारी ३ तारखेला पेटीत पडला, तर मंगळवारी १७ तारखेला रात्री बारापर्यंत तुमची हरकत, म्हणजे आइनश्प्रुख, कोर्टात पोचलेली हवी. पोस्टात टाकल्याची तारीख चालत नाही. मुदत टळली की श्ट्राफबेफेल पक्क्या निकालाइतकाच भारी. म्हणून लिफाफा फेकू नका. त्यावरची तारीख हाच तुमचा पुरावा.

हरकतीला एक वाक्य आणि प्रकरण क्रमांक पुरतो, कारणं द्यावी लागत नाहीत. पण ती जर्मनमध्ये लिहा, सही करा, आणि फॅक्स करा किंवा कोर्टाच्या पेटीत स्वतः टाका. साधा ईमेल म्हणजे हरकत नव्हे. दर वेळी कोणीतरी तेराव्या दिवशी इंग्रजीत ईमेल पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो.

गणपतीला महिनाभर घरी गेला होता आणि विमानाची तिकिटं हातात आहेत? मग मुदत परत मागता येते, पण परतल्यावर, पत्र दिसल्यापासून एका आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात हरकतही दाखल करायची. ‘मी पेटी बघतच नाही’ हे कारण कोणी ऐकत नाही.

दुसरी लाडकी चूक: नुसते युरो बघणं. दंड दिवसांत मोजतात. दिवसांचा आकडा गुन्ह्यावरून ठरतो, किमान ५ आणि एका गुन्ह्याला कमाल ३६०. एका दिवसाचा दर, टागेसझात्स, साधारण महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाचा तिसावा भाग. उत्पन्न कळवलं नसेल तर अंदाजाने ठरवतात, आणि तो अंदाज विद्यार्थ्याला परवडणारा असेलच असं नाही. समजा ३० दिवस गुणिले ५० युरो, म्हणजे १,५०० आले. मुलगा श्पेरकॉन्टोच्या, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्याच्या, महिना ९९२ युरोंवर जगतोय. त्याचा दर ३३च्या वर जायला नको, म्हणजे ९९०. अशा वेळी हरकत फक्त दराविरुद्ध घ्यावी आणि बँकेचे कागद जोडावेत. सगळ्यांची संमती असेल तर सुनावणीशिवाय निर्णय होतो आणि त्यात दर वाढवता येत नाही. सरसकट हरकत घेतली तर सुनावणीत शिक्षा वाढूही शकते, म्हणून ‘टाकून तर बघू’ म्हणणाऱ्यांनी आधी वकिलाला फाइल बघू द्यावी.

आणि जपायचा आकडा ९० हा आहे. ८० दिवस गुणिले ५० म्हणजे ४,००० युरो. १०० दिवस गुणिले १० म्हणजे फक्त १,०००. तरी दुसरी शिक्षा जास्त महाग. ९० दिवसांपर्यंतचा दंड, शिक्षांच्या सरकारी नोंदवहीत आधीचं काही नसेल तर, नोकरीसाठी लागणाऱ्या वर्तनाच्या दाखल्यात येत नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही हीच रेघ आहे, पण तिथे छोट्या शिक्षांची बेरीज होते. पैसे नसतील तर गप्प बसू नका, हप्ते मागा. दंड वसूल झाला नाही तर तुरुंग आहे. फेब्रुवारी २०२४पासून २ दिवसांच्या दंडाला १ दिवस कैद.

बाकीच्या चुका थोडक्यात.

विनातिकीट सापडल्यावर ६० युरो भरले की संपलं, असं नाही. ते वाहतूक कंपनीचे पैसे. गुन्हा वेगळा, आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यावर कंपनी तक्रार करते.

भारतीय लायसन राहायला आल्यापासून साधारण ६ महिने चालतं. आंतरराष्ट्रीय परमिटने ती मुदत वाढत नाही. पुढे गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि जाणूनबुजून गाडी देणारा मित्रही त्यात अडकतो.

ई-स्कूटर दारूच्या बाबतीत मोटारीसारखीच: रक्तात १.१ प्रोमिल (हजारात १.१ भाग) दारू असली की सरळ गुन्हा. सायकलला ही रेघ १.६.

पोलिसांचा चौकशी फॉर्म आला की नाव-पत्ता खरा भरा, आणि घटनेबद्दल वकिलाशी बोलेपर्यंत एक अक्षर लिहू नका. ‘समजावून सांगतो’ म्हणत दोन पानं लिहिणारे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच पुरवतात.

पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी घासली आणि काचेवर चिठ्ठी ठेवून निघालात? तो पळून जाण्याचाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. थांबा, मालक आला नाही तर तिथूनच पोलिसांना फोन करा.