साखर कारखान्यासाठी क्लाउडचा प्रकार कसा निवडावा

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या सामायिक संगणक-सेवेवर, जाण्याचा निर्णय झाला की ‘पब्लिक घ्यायचा की प्रायव्हेट’ हा प्रश्न संपूर्ण कारखान्यासाठी एकदाच निकालात काढण्याचा मोह होतो. ही निवड प्रत्येक प्रणालीपुरती स्वतंत्रपणे करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘निस्ट’ या अमेरिकी सरकारी संस्थेने २०११ साली मांडलेली विभागणी आजही प्रमाण मानली जाते: सर्वांना खुला असलेला पब्लिक, एकाच संस्थेसाठी राखलेला प्रायव्हेट, समान गरजांच्या संस्थांनी मिळून वापरायचा कम्युनिटी आणि यांपैकी दोन किंवा अधिक प्रकार जोडून होणारा हायब्रिड.

प्रथम ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, ऊसबिले, भांडार, पगार, सभासदांचे मोबाइल अ‍ॅप अशा सर्व प्रणाली कागदावर लिहून काढाव्यात. प्रत्येकीसमोर इंटरनेट बंद पडल्यास ती किती वेळ थांबू शकते आणि तिच्यावरचा भार वर्षभर सारखा असतो की हंगामापुरता, हे नोंदवावे.

वजनकाटा या यादीत लगेच वेगळा पडतो. गाळप सुरू असताना तो रात्रंदिवस चालतो. भरलेल्या वाहनाचे वजन होते, ऊस गव्हाणीत उतरतो आणि रिकामे वाहन पुन्हा काट्यावर येते. तोडलेला ऊस जितका रखडेल तितके त्याचे वजन आणि साखर उतारा घटतो, म्हणून काट्याचा सर्व्हर कारखान्याच्या आवारातच, यूपीएसवर असावा आणि जोडणी मिळेल तसतशा नोंदी त्याने क्लाउडवर पाठवाव्यात. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पावतीचा क्रमांक काट्यावरच तयार व्हावा आणि त्यात काट्याचा स्वतंत्र क्रमांक असावा; अन्यथा जोडणी परत आल्यावर दोन काट्यांच्या नोंदी एकमेकींवर आदळतात. छापलेल्या पावतीतील वजन कोणालाही बदलता येऊ नये, दुरुस्ती स्वतंत्र नोंदीनेच व्हावी. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या पावतीवर उभा असतो.

ऊसबिलांचे गणित निराळे आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी लागते आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. त्यामुळे बिले काढण्याच्या दिवशी भार एकदम वाढतो, तर गाळप संपल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा प्रणालीसाठी पब्लिक क्लाउड उत्तम. मात्र सवलतीच्या आशेने एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी स्वीकारू नये, कारण बिगरहंगामातही तिचे पैसे मोजावे लागतात. सर्व्हर बंद ठेवला तरी डिस्कचे भाडे चालूच राहते आणि डेटा बाहेर काढण्याचेही शुल्क लागते, हे अंदाजपत्रकात धरावे.

सभासदांचे आधार व बँक खाते क्रमांक ज्या प्रणालीत आहेत, तिचा डेटा आणि बॅकअप दोन्ही भारतातच राहतील असे करारात लिहून घ्यावे. अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र २०१६ पासून, तर मायक्रोसॉफ्टचे पुणे केंद्र २०१५ पासून उपलब्ध असल्याने यात अडचण नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवणे आणि लॉग (प्रणालीतील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे, हे काम पुरवठादार करणार की कारखाना, तेही आधीच ठरवावे.

प्रायव्हेट क्लाउड एकट्या कारखान्याने उभारू नये. त्यासाठी वर्षभर सारखा भार आणि चोवीस तास तज्ज्ञ माणसे लागतात. कम्युनिटीचा विचार अनेक कारखान्यांनी एकत्र येऊन करता येईल, पण जबाबदारी कोणाची हे लेखी ठरल्याशिवाय त्यात पडू नये. बॉयलर व सहवीजनिर्मितीचे नियंत्रण मात्र क्लाउडपासून दूरच ठेवावे आणि तेथून फक्त आकडे बाहेर पाठवावेत.

म्हणजे बहुतेक कारखान्यांच्या वाट्याला आवारातील सर्व्हर आणि पब्लिक क्लाउड यांची जोडी येते (व्यवहारात तिलाही हायब्रिड म्हणतात), आणि तिची परीक्षा गाळपाआधीच घ्यावी. मागील हंगामातील एका पंधरवड्याची बिले नव्या प्रणालीवर पुन्हा काढून जुन्या रकमांशी ताडून पाहावीत. त्यानंतर एक पूर्ण पाळी इंटरनेट मुद्दाम बंद ठेवून काटा चालवावा, आणि जोडणी परत आल्यावर काट्यावरील पावत्यांची संख्या व एकूण वजन क्लाउडवरील नोंदींशी तंतोतंत जुळेपर्यंत जुनी प्रणाली बंद करू नये.