समाजकल्याणाच्या नोंदीत चूक? तक्रार करताना या चुका टाळा

गोव्यात वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दरमहा मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे थांबले की घरातला कुणीतरी एका ओळीचा अर्ज लिहून देतो: "पैसे बंद झाले आहेत, कृपया सुरू करावेत." त्यात काय शोधायचे हे टेबलावरच्या कारकुनाला कळत नाही आणि फाईल तिथेच राहते. तक्रार नेमक्या नोंदीबद्दल हवी: हयातीचा दाखला देऊनही चढवलेला नाही, खाते क्रमांकातला एक आकडा चुकलाय, जन्मसाल वेगळे पडलेय.

म्हणून नोंद न पाहता तक्रार करू नका. तोंडी विचारून दाखवत नसतील तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली आपल्या फाईलची प्रत मागा, शेरे आणि टिपण्यांसकट. उत्तराची मुदत 30 दिवसांची. उत्तर न आल्यास त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिले अपील करता येते. मात्र या अर्जात "नोंद दुरुस्त करा" असे लिहून उपयोग नाही. त्या कायद्याने कागद मिळतो. दुरुस्तीचा अर्ज संबंधित खात्याकडे वेगळाच द्यावा लागतो. खातेही नीट बघा: दयानंद योजना समाजकल्याण संचालनालयाची, गृहिणींना दरमहा मदत देणारी गृह आधार योजना महिला व बालविकास संचालनालयाची.

आपल्या गोव्यात सर्वांत जास्त घोळ नावांचा. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत अनेक हिंदू घरांत होती. त्यामुळे जन्मनोंदीत सुलोचना, तर रेशनकार्डावर, आधारवर आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदांत लक्ष्मी. विधवा म्हणून अर्ज केला की कार्यालयाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. त्यात पोर्तुगीज काळातली जन्मनोंद असली तर स्पेलिंगही निराळे: शंकरमधला 'श' एक्सने लिहिलेला, कामतमधला 'क' सीने. ही लबाडी नव्हे, हे कार्यालयालाही ठाऊक असते. पण जोडणारा कागद तुम्हालाच द्यावा लागतो. विवाहनोंदणीचा उतारा काढा, कारण त्यात माहेरचे नाव आणि नवऱ्याचे नाव एकत्र येते. सोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि त्यात प्रत्येक स्पेलिंग जसेच्या तसे लिहा. एक जरी सुटले तरी पुन्हा खेप.

घाईने आधार बदलायला धावू नका. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधी मूळ जन्मनोंद तपासा, मग आधार, मग बँक आणि शेवटी योजनेची फाईल. उलट्या क्रमाने गेलात तर सुधारलेली नोंद पुन्हा बिघडते.

दिव्यांगत्वाची टक्केवारी चुकली असेल तर समाजकल्याणाकडे वाद घालून काही होणार नाही. ती दुरुस्ती प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाकडूनच व्हायला हवी.

"पंचाला सांगून ठेवलंय" ही तक्रार नव्हे. पंच मदत जरूर करतात, पण अर्ज लेखी द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मूळ कागद कुणाच्याही हाती सोडू नका. साक्षांकित प्रती पुरतात. म्हाताऱ्या माणसांकडून मूळ दाखला ठेवून घेतला गेल्याचे ऐकले की जीव तुटतो, कारण तो परत मिळवायला त्यांनाच कदंबाच्या बसने पणजीची वारी करावी लागते.

घरचौकशीतला शेरा चुकीचा असला तर जरा सांभाळून. "मुलगा सांभाळतो" असे लिहिले असेल आणि मुलगा वेगळा राहत असेल, तर त्याच्या राहत्या पत्त्याचा पुरावा द्या. ही वस्तुस्थिती आहे, ती बदलता येते. "परिस्थिती बरी वाटते" हे मात्र अधिकाऱ्याचे मत आहे. ते खोडायला लावण्याच्या भांडणात महिने जातात. त्यापेक्षा आपले लेखी म्हणणे फाईलला जोडण्याची विनंती करा आणि फेरचौकशी मागा.

जुनी नोंद पुसून टाका असेही म्हणू नका. ती तारखेसह राहू द्या, वर दुरुस्ती चढवू द्या. कोणत्या महिन्यापासून चुकीमुळे पैसे अडले, हे तिच्यावरूनच सिद्ध होते. थकबाकीची मागणीही त्याच अर्जात महिन्यांसह करा. दुरुस्ती झाली असे सांगितले की सुधारलेल्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि पुढच्या महिन्यात पासबुक भरून आणा.