टेनरवरून अल्टो ट्रॉम्बोनकडे वळताना

वरचे सूर सोपे जातील म्हणून अल्टो ट्रॉम्बोन घेणार असाल, तर पैसे वाचवा. टेनर ट्रॉम्बोनवर ओठ जिथे अडतात, तिथेच ते अल्टोवरही अडतात. अल्टो घ्यायचा तो त्याच्या हलक्या, उजळ आवाजासाठी. ठाण्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये किंवा चर्चच्या क्वायरसोबत टेनर वाजवत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी पट्टी समजून घ्या. टेनर बी फ्लॅटचा, म्हणजे पेटीवरची काळी पाच. अल्टो ई फ्लॅटचा, म्हणजे काळी दोन. टेनरच्या बी फ्लॅटला सा धरला, तर अल्टो त्याच्या शुद्ध मध्यमावर बसतो. नळी टेनरची साधारण पावणेतीन मीटर, अल्टोची दोन मीटरच्या किंचित वर, त्यामुळे पोझिशनमधली (म्हणजे सरकती नळी, स्लाइड, थांबवायच्या जागांमधली) अंतरंही पाऊणपटच. हाताची जुनी सवय इथेच दगा देते: अल्टोची तिसरी पोझिशन टेनरच्या दुसरी-तिसरीच्या मध्येच कुठेतरी येते. बेलकडे (वाद्याच्या पसरट तोंडाकडे) बघून अंदाज बांधू नका, कानावर सोपवा.

त्यासाठी मोबाइलवर तानपुरा काळी दोनला लावा आणि ई फ्लॅट मेजर अगदी सावकाश वाजवा. पोझिशनचा क्रम टेनरच्या बी फ्लॅट स्केलचाच: 1, 6, 4, 3, 1, 4, 2, 1. एकेक सूर तानपुऱ्यात मिसळेपर्यंत धरून ठेवा. पहिल्या पोझिशनला स्लाइड पार टोकाला टेकवू नका. केसभर बाहेर ठेवली की उतरलेला सूर चढवायला जागा उरते. अल्टोला फुंक कमी लागते. टेनरचा जोर लावलात की आवाज फाटतो.

राहत्या फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस म्यूटशिवाय (बेलमध्ये बसवून आवाज दाबणाऱ्या बुचाशिवाय) गत्यंतर नाही, खालचे काका दुपारी झोपतातच. पण म्यूटने सूर चढू शकतो, म्हणून अधूनमधून एखाद्या मोकळ्या हॉलमध्ये म्यूटविना ट्यूनिंग तपासा.

मग वाचन. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर हे ठरवणारं चिन्ह. अल्टो क्लेफमध्ये मधली रेघ म्हणजे मधला सी. व्हायोला या तंतुवाद्याचंही नोटेशन याच क्लेफमध्ये असतं, त्यामुळे व्हायोला शिकणाऱ्यांचं पहिलं पुस्तक आणा आणि त्यातल्या सोप्या धुनी वाजवा. टेनर क्लेफवरून मनात बदल करत बसण्यापेक्षा हे बरं.

आता समूहातली जागा. लग्नाच्या बँडमध्ये ताशापुढे अल्टोचा टिकाव लागत नाही, तिथे टेनरच न्या. क्वायर मात्र त्याचं खरं घर. मोझार्टच्या 1791 च्या रिक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) अल्टो, टेनर आणि बास असे तीन ट्रॉम्बोन बहुतेक वेळ त्या-त्या गायकांच्याच ओळी वाजवतात. (त्यातला गाजलेला सोलो अल्टोचा समजू नका, तो टेनरचा.) अशा वेळी गायिकांचे शब्द ऐका, त्या श्वास घेतील तिथेच श्वास घ्या आणि त्यांच्यापेक्षा थोड्या हळू आवाजात वाजवा. आपला आवाज वेगळा ऐकू येऊ लागला, तर जोर जास्त होतोय.

वाद्यवृंदात अडचण वेगळी. 1808 मध्ये प्रथम सादर झालेल्या बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन पहिले तीन भाग गप्प बसतात. तिसऱ्यातून चौथा भाग न थांबता सुरू होतो आणि अल्टोला तिथे वरचा एफही गाठावा लागतो. एसी हॉलमध्ये तोवर पितळ गार पडलेलं असतं. म्हणून तिसऱ्या भागात माउथपीस मुठीत धरून ठेवा आणि वाद्यात आवाज न करता ऊबदार श्वास सोडत राहा.