रॅकेट नंतर घ्या: व्हीलचेअर बॅडमिंटन शिकताना या चुका टाळा

बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये. प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांनी तिथे सुवर्ण जिंकलं आणि व्हीलचेअरवरची मुलं "मलाही शिकायचंय" म्हणत हॉलवर यायला लागली. फार चांगलं झालं. पण ती दोन्ही पदकं उभं राहून खेळणाऱ्यांच्या गटांतली. व्हीलचेअरच्या गटांत आपला एकही खेळाडू टोकियोला नव्हता, २०२४ ला पॅरिसलाही नव्हता. आपल्याकडे गुणी मुलं नाहीत म्हणून हे झालं, असं मला अजिबात वाटत नाही. येणारी मुलं त्याच त्या चुकांमध्ये सुरुवातीची वर्षं घालवतात आणि तोवर घरचे म्हणतात, "बास झालं आता, नोकरीचं बघ."

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. पोरगा येतो, रॅकेट हातात घेतो आणि स्मॅश मारायला लागतो. बरोबर आलेला मामा मोबाइलवर व्हिडिओ काढतो. सगळे खूश. आणि सहा महिन्यांनी हाच मुलगा फूल (शटल) दोन हात लांब पडताना नुसता बघत बसतो, कारण त्याला खुर्ची हलवताच येत नाही.

या खेळाचं कोर्ट समजून घ्या. व्हीलचेअर एकेरीत रुंदी निम्मी असते. शिवाय नेटपासून शॉर्ट सर्व्हिस लाइनपर्यंतचा १.९८ मीटरचा पट्टा बाद धरतात. म्हणजे तुमच्या वाट्याला उरतो साधारण पावणेपाच मीटर खोलीचा एक अरुंद पट्टा. सगळा खेळ पुढे-मागे. समोरचा क्लिअर, म्हणजे पार मागे पडणारा उंच फटका मारून तुम्हाला मागे ढकलणार आणि मग सर्व्हिस लाइनच्या जेमतेम आत ड्रॉप, म्हणजे हळूच पुढे पडणारा फटका टाकणार. ज्याला खुर्ची झटक्यात मागे घेता येते आणि मागे रेलून डोक्यावरून मारता येतं, तो टिकतो. बाकीच्यांचा स्मॅश कितीही जोरदार असो, तो मारायची वेळच येत नाही.

म्हणून माझ्याकडे सुरुवातीचे आठवडे रॅकेट मिळत नाही. पुढे दोन ढकल, थांब, मागे दोन ढकल, थांब. कंटाळा येतो, मला माहीत आहे. नंतर रॅकेट हातात देतो, पण फूल नाही. रॅकेटची मूठ आणि चाकाची रिंग एकाच हातात धरून सरळ जाता आलं पाहिजे. नवीन मुलं रॅकेटचा हात हवेत ठेवून एकाच हाताने चाक ढकलतात आणि खुर्ची गर्रकन वळते. ही सवय एकदा लागली की सुटायला फार त्रास होतो.

यावर हमखास ऐकवलं जाणारं उदाहरण म्हणजे जपानची सरिना सातोमी. "सर, तिने २०१७ मध्ये सुरू केलं आणि २०२१ मध्ये सुवर्ण!" बरोबर आहे, आणि पॅरिसलाही तिनेच जिंकलं. तिचे सामने जरूर बघा, पण फुलाकडे न बघता चाकांकडे बघा. जपानचाच व्हीलचेअर खेळाडू दाइकी काजिवारा तर अपघातापूर्वी शाळेत बेसबॉलचा पिचर होता, फेकायचा हात आधीच तयार. तरी दोन पॅरालिम्पिक सुवर्णं मिळवणाऱ्या या खेळाडूचं कौतुक होतं ते खुर्चीवरच्या ताब्याचं. घाई करणाऱ्यांना त्यातली फक्त वर्षं मोजता येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याला जोडूनच एक: उभ्या खेळाडूंना शिकवणारे प्रशिक्षक तास तास नेटजवळचे नाजूक शॉट घोटून घेतात. आपल्या खेळात ते फूल बाहेर. तो वेळ क्लिअरला द्या.

घरच्या किंवा हॉस्पिटलच्या खुर्चीवर सराव नको. मागचं छोटं आधाराचं चाक नसेल तर मागे रेलताना खुर्ची उलटते आणि डोकं थेट फरशीवर आपटतं. स्पोर्ट्स चेअर महाग असते, सगळ्यांना परवडत नाही, हे खरं आहे. मग हॉलमधली एक चेअर चौघांनी वाटून घ्या, पण आधाराचं चाक नसलेल्या खुर्चीवर क्लिअर मारू नका.

पाय फूटरेस्टला बांधलेले हवेत. खेळ चालू असताना पाय जमिनीला लागला तर फॉल्ट. फूल मारताना धड सीटला टेकलेलं हवं. सर्व्हिस करताना आणि घेताना चाकं स्थिर. हे पहिल्या स्पर्धेत पंचांकडून कळण्यापेक्षा आधीच अंगवळणी पाडा.

आता ज्या चुकीबद्दल बोलताना माझा आवाज चढतो ती. गादी काढून खेळणं.

आमच्याकडे सातारा जिल्ह्यातला एक मुलगा यायचा. बांधकामावरून पडून मणका गेलेला, कमरेखाली संवेदना नाही. हात लांब, नजर तेज, आणि खुर्ची मागे घेण्यात त्याच्या बरोबरीचं हॉलमध्ये कोणी नव्हतं. कुठल्या तरी मित्राने त्याला सांगितलं की गादीमुळे शरीर डुलतं, कडक बसलं की खुर्ची अंगाला चिकटते. त्याने गादी काढली, फळीवर टॉवेलची घडी टाकली आणि दुपारभर खेळायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "सर, काही दुखत नाही." दुखणार कसं? संवेदनाच नव्हती. आईला कपडे धुताना डाग दिसला तेव्हा कळलं. बैठकीच्या हाडावर बाहेरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत खोलवर गेली होती. ऑपरेशन, मग कित्येक आठवडे पालथं पडून राहणं. राज्य निवडीचा हंगाम गेला, दंडांची ताकद गेली. परत आला तेव्हा सगळं पहिल्यापासून. थोडे दिवस आला, मग भावाच्या दुकानात बसायला लागला. इतका चांगला खेळाडू एका गादीपायी गेला, हे मला आजही पचत नाही.

डुलत असाल तर गादी काढू नका, पट्टा लावा. कमरेला आणि मांड्यांवर लवचीक पट्टा बांधायला नियमात परवानगी आहे. गादी पातळ पण खास बैठकीसाठी बनवलेली घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचला किंवा पुढे वाका. आमच्याकडे मी शिट्टी वाजवतो, गेम कुठल्याही गुणावर असो. रात्री आरशात किंवा घरच्यांकडून कातडी बघून घ्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांकडे. यात वाद नाही.

तेवढीच वाईट सवय म्हणजे पाणी न पिणं. हॉलमध्ये खुर्ची जाईल असं टॉयलेट नसतं म्हणून मुली सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. मग युरिन इन्फेक्शन, ताप, महिनाभर घरी. मणक्याची इजा वरच्या बाजूला असेल तर घामही नीट येत नाही आणि अंग तापत राहतं. हॉल ठरवताना आधी टॉयलेटचं दार मोजा, मग कोर्टाचं भाडं विचारा.

गटाबद्दलही लवकर बोला. व्हीलचेअरचे दोन गट असतात: डब्ल्यूएच १ म्हणजे धडाचा ताबा कमी असलेले, डब्ल्यूएच २ म्हणजे धड बऱ्यापैकी साथ देणारे. वर्गीकरणाच्या वेळी "जरा कमी हलवून दाखव" असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. जाणूनबुजून फसवल्याचं सिद्ध झालं तर बंदी येते. आणि दुहेरीत जोडीच्या गटांच्या आकड्यांची बेरीज तीनच्या वर चालत नाही, म्हणजे डब्ल्यूएच २ च्या खेळाडूला डब्ल्यूएच १ चा जोडीदार हवाच. तो स्पर्धेच्या आठवड्यात शोधून सापडत नाही. वर्षभर एकत्र सराव करणारा माणूस आत्तापासून बघा.

शेवटचं खांद्याबद्दल. याच खांद्याने तुम्ही खेळता, खुर्ची ढकलता, पलंगावर चढता, रिक्षात बसता. दुखायला लागल्यावर स्प्रे मारून खेळू नका. आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि पाठीमागच्या स्नायूंसाठी रबरी पट्ट्यांचा व्यायाम रोज, सरावाच्या आधी.